न असलेल्या गावाचा भूगोल

गेल्या पावसाळ्यात मधल्या सुट्टीत नववीच्या वर्गात फासे सापडले. नेहमीचे सहा बाजूंचे नव्हेत. एकाला चार बाजू, एकाला आठ, एकाला बारा आणि एक चक्क वीस बाजूंचा, लिमलेटच्या गोळीसारखा लालभडक. ते लगेच जप्त झाले. फासे म्हटले की आपल्याला कौरवांची सभाच आठवते, त्यामुळे जप्त करणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. पण मग मुलांच्या वह्या पाहिल्या. त्यांत पैशांचा हिशोब कुठेच नव्हता. होते ते हाताने काढलेले नकाशे, कधी न ऐकलेल्या नद्यांची नावे, बाजारातल्या दोन दुकानदार घराण्यांची वंशावळ आणि एका पानावर 'म्हाताऱ्या पुजाऱ्याला काय काय विचारायचे' याची यादी. सोबत एक जाड इंग्रजी पुस्तक होते. शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीने परदेशातून ग्रंथालयाला भेट म्हणून पाठवलेले, रजिस्टरात रीतसर नोंद होऊन मुलांनी घरी नेलेले. म्हणजे मुद्देमालाचे मूळ आमच्याच कपाटात निघाले!

त्यावर शिक्षकांच्या खोलीत आणि पालकसभेत बरीच चर्चा झाली. आम्ही मात्र ते पुस्तक घरी नेऊन वाचले. त्यातून आमचे जे मत झाले ते येथे मांडत आहोत. सर्वांना ते पटेलच असे नाही.

आधी खेळाविषयी थोडे. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी काढला. पहिली आवृत्ती अवघ्या एक हजार प्रतींची होती. या खेळाला पट नाही, सोंगट्या नसल्या तरी चालते आणि जिंकणे-हरणे तर नाहीच. चार-पाच मुले गोल करून बसतात. एक जण सूत्रधार होतो. तो प्रसंग सांगतो: नदीला पूर आला आहे, पलीकडे देवळात दिवा दिसतो आहे, दाराशी पहारेकरी उभा आहे, तुम्ही काय करता? बाकीचे एकेका पात्राच्या भूमिकेत असतात. कोणी शूर, कोणी पढिक, कोणी हातचलाखीत तरबेज. एखादी म्हणते, मी पहारेकऱ्याशी गोड बोलून आत शिरते. मग वीस बाजूंचा फासा टाकायचा. तेरा पडले, तिच्या गोड बोलण्याचे तीन मिळवले, सोळा झाले, सूत्रधाराला पंधरा हवे होते, म्हणून ती आत शिरली. कमी पडले असते तर पहारेकऱ्याने आरडाओरडा केला असता आणि गोष्ट दुसरीकडे गेली असती. एवढाच खेळ. तासन्तास बोलण्याचा.

आता या गोष्टी घडायच्या कुठे? त्यासाठी या खेळात एक खास प्रकारची पुस्तके निघतात. त्यांना सेटिंगची पुस्तके किंवा सोर्सबुक म्हणतात. कादंबरी नव्हे, कारण त्यात नायक नसतो. नायक तुम्ही. पुस्तकात असतो तो नुसता प्रदेश: नकाशा, राज्यकारभार, पिके, बाजार, सण, लोकांची नावे, कोणाचे कोणाशी वैर, कोणत्या डोंगरात काय दडले आहे. गायगॅक्स यांचे ग्रेहॉक १९८० साली असे छापून आले. कॅनडात ग्रंथालयात नोकरी करणारे एड ग्रीनवुड लहानपणापासून मनात वसवत आलेला 'फरगॉटन रिल्म्स' हा प्रदेश १९८७ साली पेटीबंद संचाच्या रूपाने प्रसिद्ध झाला आणि आजही त्यावर नवी पुस्तके येतात. थोडक्यात, न असलेल्या गावाचा भूगोल, इतिहास आणि नागरिकशास्त्र, तेही मुले आपण होऊन वाचतात असा. आपल्या पाठ्यपुस्तकांना जे जमले नाही ते यांना कसे जमते, हा प्रश्न शिक्षकांना पडायला हरकत नाही.

या पुस्तकांत आपला, म्हणजे भारताचा, प्रवेश फार लवकर झाला, पण तो कसा झाला ते बघण्यासारखे आहे. १९७७ सालच्या 'मॉन्स्टर मॅन्युअल' या राक्षसकोशात 'राक्षस' नावाचाच एक प्राणी आहे. त्याला वाघाचे डोके आहे, अंगात उंची कोट आहे आणि तोंडात पाइप आहे! मंत्रवलेला एक बाण लागला की तो जागच्या जागी मरतो. रावण, मारीच आणि हिडिंबा ऐकत मोठ्या झालेल्या मुलाने हे चित्र पाहून काय समजावे? १९८० सालच्या 'डेइटीज अँड डेमिगॉड्स' मध्ये तर इंद्र, अग्नी, काली यांना इतर देशांच्या देवांबरोबर ओळीने उभे करून प्रत्येकाला प्राणांक दिले. म्हणजे इतके वार झाले की इंद्र संपला. लिहिणाऱ्यांच्या मनात वाकडे होते असे आम्हांला वाटत नाही. त्यांनी ग्रंथालयातून पुस्तके आणली, आवडले ते उचलले आणि खेळात बसवले. ज्यांच्या घरात त्या देवांची रोज पूजा होते अशी माणसे हे पुस्तक वाचतील ही कल्पनाच त्यांच्या मनात नसावी. पुढे २०२० साली प्रकाशकांनी आपल्या जुन्या पुस्तकांच्या संगणकीय आवृत्त्यांवर, त्यांतले काही चित्रण पूर्वग्रहदूषित असू शकते असा खुलासा लावला. खुलासा ठीक आहे. पण खुलाशाने नवे पुस्तक तयार होत नाही.

नवे पुस्तक तयार झाले ते हे, आमच्या कपाटातले. 'जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल', जुलै २०२२, दोनशे चोवीस पाने, तेरा साहसकथा. ज्यांच्या नेतृत्वाखाली ते झाले त्या दोघांपैकी एक अजित जॉर्ज. हे भारतीय वंशाचे अमेरिकन. होसूरजवळ त्यांच्या वडिलांनी गरीब घरांतल्या मुलांसाठी काढलेल्या शांती भवन या निवासी शाळेशी त्यांचा संबंध आहे, हे शाळेच्या पत्रिकेत मुद्दाम नोंदवावेसे वाटते. २०२१ साली त्यांनी याच खेळाच्या एका भयकथांच्या पुस्तकात 'कालाकेरी' नावाचे भारतीय वळणाचे राज्य लिहिले होते. 'केरी' हा कानडी शब्द ओळखून आमच्या एका धारवाडकर शिक्षिका भलत्याच खूश झाल्या. त्यानंतरचे हे पुस्तक, आणि त्यातल्या कथांचे लेखक सगळे गौरेतर. ज्याने त्याने आपल्या आजोळच्या किंवा आपल्या पूर्वजांच्या मुलखासारखा मुलूख लिहिला. मेक्सिको, कोरिया, फिलिपाइन्स, इराण, माली यांच्या छाया त्यांत ओळखू येतात, पण नावे आणि नकाशे नवे आहेत.

त्यात कोलकात्याच्या लेखिका मिमी मंडल यांची एक कथा आहे: 'इन द मिस्ट्स ऑफ मणिवर्षा'. प्रदेशाचे नाव शंखभूमी. नद्यांचे जाळे, दाट जंगल, पाण्यावर चालणारे जगणे. लाटेने ओढून नेलेल्या एका स्पर्धकाच्या शोधात मुलांनी निघायचे. बंगालचा त्रिभुज प्रदेश पाहिलेल्याला ओळख पटायला वेळ लागत नाही. पुस्तकात इंग्रजी वाचकासाठी नावांचे उच्चार कसे करायचे याचे कोष्टक दिले आहे. ज्या विद्यार्थ्याच्या दप्तरात पुस्तक सापडले त्याने आम्हांला जे सांगितले ते आम्ही विसरणार नाही. तो म्हणाला, "सर, एवढ्या इंग्रजी पुस्तकांत हे पहिलं, ज्यात मला ते कोष्टक लागलं नाही." यात त्याचा इंग्रजीचा न्यूनगंड किती आणि अभिमान किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. वर्गात मग 'मणिवर्षा' की 'मणिवर्ष' यावर वादही झाला. वर्षा म्हणजे पाऊस. पण भारतवर्षातले वर्ष म्हणजे भूखंड. इंग्रजी अक्षरांवरून दोन्ही होते. संस्कृतच्या तासाला जो प्रश्न कोणी विचारला नसता तो मधल्या सुट्टीत विचारला गेला.

पुस्तक निर्दोष नाही. किंमत एकोणपन्नास डॉलर पंचाण्णव सेंट, म्हणजे भेट आले नसते तर आमच्या ग्रंथालयाच्या आवाक्याबाहेरचे. तेरा मुलखांना एका पुस्तकात कोंबल्यामुळे कथा संपली की त्या प्रदेशाविषयी दोन-तीन पानेच उरतात. शंखभूमीत आणखी फिरावेसे वाटते आणि पान संपते. आणि कितीही झाले तरी मारामारी आहेच. खेळाच्या नियमांचा मोठा भाग कोणी कोणावर किती वार केले यातच खर्च होतो. पण पहिलीच कथा पाहा. रात्रीच्या बाजारातली दोन दुकानदार घराणी, त्यांचे जुने वैर आणि ते का पेटले याचा शोध. ड्रॅगन नाही, खजिना नाही. दुसऱ्या एका कथेत, अन्याय झालेल्या आणि तिच्याच शहराने विसरलेल्या एका स्त्रीचे भूत येते. तिच्याशी नुसते लढून भागत नाही, ती कोण होती ते लोकांना आठवावे लागते. आमच्या वयाच्या वाचकालाही ती कथा वाचून थोडा वेळ पुस्तक बाजूला ठेवावे लागले.

या सगळ्या मुलखांना जोडणारे मधले शहर म्हणजे रेडियंट सिटाडेल. एका प्रचंड प्राण्याच्या अश्मीभूत देहात कोरलेले, एका अजस्र हिऱ्याभोवती वेटोळे घातलेले. वेगवेगळ्या देशांतून आलेल्या लोकांनी ते वसवले. प्रत्येकाचे पूर्वज वेगळे, सण वेगळे, स्वयंपाक वेगळा. आणि तरी शहर एक. पूर्वजांच्या वतीने बोलणाऱ्यांची तिथे सभा असते. ज्यांनी ते शहर स्थापन केले त्या संस्कृतींपैकी काहींचा पुढे पत्ताच लागला नाही, त्यांच्या जागा रिकाम्या आहेत. त्या रिकाम्या जागा लेखकांनी जाणूनबुजून भरलेल्या नाहीत. खेळणाऱ्यांनी भराव्यात म्हणून सोडल्या आहेत.

वडोदऱ्यात वाढलेल्या मराठी मुलाला हे शहर ओळखीचे वाटले तर नवल नाही. अठराव्या शतकात गायकवाडांबरोबर आपली माणसे इथे आली आणि राहिली. घरात मराठी, पोळीत गुजराती, शाळेत दोन्ही आणि वर इंग्रजी. पुण्याला गेलो की आपल्या मराठीला हसतात, इथे आपल्याला दक्षिणी म्हणतात. पुण्याच्या बालसाहित्यात आपले गाव नाही. गुजराती पुस्तकांत गाव आहे, पण त्यातले आपले घर नाही. आमच्या मुलांना आपल्या गावाचे पुस्तक आजवर वाचायला मिळालेले नाही. ते न्यूयॉर्कहून येणार नाही आणि कोलकात्याहूनही येणार नाही. मिमी मंडल यांनी आपला मुलूख लिहिला. आपला आपल्यालाच लिहावा लागेल.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे: हे पुस्तक कपाटात कुलूपबंद न करता आठवी-नववीच्या मुलांनी त्याच्या धर्तीवर आपल्या गावाचे सेटिंगचे पुस्तक मराठीत लिहावे आणि शाळेने त्यासाठी आठवड्यातला एक तास द्यावा. वह्या पाहिल्यावर कळले की मुलांनी सुरुवात आधीच केली आहे. गावाचे नाव त्यांनी 'वटपद्र' ठेवले आहे, म्हणजे आपले जुने नावच. वेशीला लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडी असे चार दरवाजे, मध्ये मांडवी. पण मांडवीखाली उभे राहून बोललेले खोटे चारही दरवाजांवर ऐकू येते. विश्वामित्रीत मगरी आहेतच, त्यांना शोधून काढावे लागले नाही. पूर आला की मगरी रस्त्यावर येतात हे ऑगस्ट २०२४ मध्ये सगळ्यांनी पाहिले. मुलांच्या वटपद्रात त्या पुराच्या रात्री जुनी येणी वसूल करायला येतात. एका मुलीने एक पोळ लिहिली आहे. तिथला दारवान प्रत्येक घराचे मूळ गाव जाणतो. ज्याला स्वतःचे मूळ गाव सांगता येत नाही त्याला रात्री नऊनंतर आत सोडत नाही. आम्ही तिला विचारले, तुझे मूळ गाव कोणते? तिला ठाऊक नव्हते. त्या दिवशी संध्याकाळी तिने आजोबांना विचारले. साताऱ्याकडचे निघाले.

सेव-उसळीच्या गाडीवर मात्र मुलांचे एकमत होत नाही. एकाच्या मते ती खाल्ली की गेलेले प्राणांक परत येतात, दुसऱ्याच्या मते तिखटामुळे दोन कमी होतात. हा प्रश्न आम्ही संपादकीय मंडळापुढे ठेवला आणि तिथेही फूट पडली.

पालकांच्या हरकती आम्ही ऐकल्या आहेत. जुगाराची हरकत वह्या पाहिल्यावर राहू नये. भुताखेतांच्या नादाने मुले बिघडतात ही हरकत नवी नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत याच खेळावरून मोठे काहूर उठले होते, मुले सैतानाच्या नादी लागतात, जिवाचे बरेवाईट करून घेतात म्हणून त्याविरुद्ध पालकांची संघटनाही निघाली होती. पुढे संशोधकांना तसा संबंध आढळला नाही. देवांविषयीची हरकत मात्र आम्हांला मान्य आहे. १९८० सालच्या त्या पुस्तकातली चूक आपण पुन्हा करू नये. वटपद्रात देऊळ असावे, पुजारी असावा, नवस असावा. देवाला प्राणांक नसावेत. मुलांना हे सांगितले तेव्हा त्यांनी ते आधीच ठरवलेले होते.

सर्वांत जोराची हरकत इंग्रजीची होती. आधीच मुले मराठी विसरत चालली आहेत, त्यात हे कशाला? यावर आम्ही एवढेच सांगू की मधल्या सुट्टीत त्या खोलीबाहेर उभे राहून पाहावे. पुस्तक इंग्रजी आहे, खेळ मराठीत चालतो. पहारेकऱ्याची मनधरणी करायला, राणीपुढे तक्रार मांडायला, म्हाताऱ्या पुजाऱ्याकडून गुपित काढून घ्यायला जी भाषा लागते ती 'माझा आवडता सण' या निबंधात कधीच लागत नाही. राणीला 'तू' म्हणायचे की 'आपण', यावर मुले थांबून विचार करतात. हो, मध्येच 'चालशे' येते. येऊ द्या. वटपद्राची भाषा तशीच आहे.

शिवाय जानेवारी २०२३ मध्ये प्रकाशकांनी या खेळाच्या मूळ नियमांचा मोठा भाग क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुल्या परवान्याखाली आणला आहे. मूळ श्रेय दिले की कोणीही त्याचे भाषांतर करून छापू शकतो. दहावीनंतरच्या सुट्टीत चार मुलांनी बसून हे नियम मराठीत आणले तर कोणाची परवानगी मागावी लागणार नाही आणि चार हजारांचे पुस्तकही विकत घ्यावे लागणार नाही. 'हिट पॉइंट'ला 'प्राणांक' हा शब्द मुलांनीच केला आहे. आम्हांला तो आवडला म्हणून वर बिनदिक्कत वापरला.

१९१० साली सयाजीराव महाराजांनी विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला खास अमेरिकेहून इथे आणले आणि राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली. पेट्यांत भरलेली पुस्तके खेडोपाडी फिरत. परदेशातून आलेली एक पद्धत आपल्या गावाच्या कामाला कशी लावावी हे या शहराला कोणी नव्याने शिकवायला नको.

घाई आम्हांला एका कारणासाठी आहे. वाड्यांची नावे, बुजवलेल्या विहिरी, कोणत्या पोळीत कोणत्या गावची घरे होती, गणपतीची मिरवणूक कुठून वळत असे, हे सांगू शकणारी जी माणसे मुलांनी आपल्या यादीत लिहिली होती त्यांतली दोघे यादी झाल्यापासून आजपर्यंत गेली. एकांकडे मुले एकदाच जाऊन आली होती. दुसऱ्यांकडे परीक्षेनंतर जायचे ठरले होते.

फासे अजून शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटात आहेत. ते मुलांना परत मिळावेत अशी आमची व्यवस्थापनाला जाहीर विनंती आहे. तोवर मुलांनी एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या करून त्या स्टीलच्या डब्यात ठेवल्या आहेत. डबा हलवायचा आणि एक उचलायची. चिठ्ठ्या आता मळल्या आहेत, सतराची हरवली आहे, आणि तिच्याऐवजी जी नवी केली ती इतरांपेक्षा पांढरी असल्यामुळे सगळ्यांना न बघताही ओळखू येते, अशी लेखी तक्रार आमच्याकडे आली आहे.